दिवाळीचे तास

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नाशिकमधल्या शुभंकरांच्या बैठकीतले प्रश्न बदलतात. आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर म्हणण्याचा प्रघात आहे. एरवी बोलणे चालते ते गोळ्यांच्या दुष्परिणामांवर, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर, नाही तर ‘आमच्यानंतर याचे कोण’ यावर. या दिवसांत मात्र विचारले जाते, पाहुणे आले की त्याला बाहेर बोलवायचे का? कोणी विचारलेच तर सांगायचे काय? माझा धाकटा भाऊ वीस वर्षांहून अधिक काळ स्किझोफ्रेनियासह जगतो आहे, त्यामुळे हे प्रश्न मला परके नाहीत. सणात शुभार्थीला नेमका कशाचा त्रास होतो आणि घराला त्यात काय करता येते, हे संशोधनाच्या आधारे पाहू.

या संशोधनाची सुरुवात लंडनमधली. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांबाबत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेले अधिक काळ बरे राहत होते. मग घरात असे काय होते? ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. शब्दांबरोबर त्यांनी आवाजातला सूरही नोंदवला. टीका, वैरभाव आणि अतिकाळजी या तीन गोष्टी त्यांना महत्त्वाच्या वाटल्या. १९७२ च्या त्यांच्या अभ्यासात १०१ रुग्ण होते. या तीन गोष्टी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर कमी असलेल्या घरांत १६ टक्के रुग्णांचा.

१९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांच्या अभ्यासाने याला दुजोरा दिला. टीका करणाऱ्या घरातही रुग्ण आणि नातेवाईक आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील, तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहते, हे त्यातून पुढे आले. चंडीगडला झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत टीका आणि अतिकाळजी लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. पण वैरभावाचा आजार उलटण्याशी संबंध तिथेही दिसला.

यातून ‘आजार घरच्यांमुळे झाला’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आजार कशाने होतो हा या अभ्यासांचा विषयच नव्हता. आजार झाल्यानंतर तो सावरायला किंवा उलटायला कोणते वातावरण कारणीभूत ठरते, एवढेच ते सांगतात. शिवाय वर्षानुवर्षे एकट्याने काळजी वाहणाऱ्या माणसाचा सूर चिडका होतो तो बहुधा थकव्यातून. त्या माणसालाही आधार हवा असतो. कुटुंबाला आजाराची माहिती आणि आधार दिल्यास आजार उलटणे कमी होते, हे पुढच्या अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

आता हा हिशेब दिवाळीला लावून पाहू. आठवड्याचे ३५ तास म्हणजे दिवसाचे पाच. एरवी कोणी कामावर, कोणी शाळेत असते. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत मात्र सारे घर दिवसाचे दहा-बारा तास एकाच छताखाली असते, म्हणजे चार-पाच दिवसांतच पन्नास तास होतात. त्यात भर पाहुण्यांच्या प्रश्नांची. ‘काय मग, नोकरीचे काही?’, ‘गोळ्या अजून किती दिवस?’, ‘लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल.’ बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते. पण ऐकणाऱ्याला ती टीकाच असते, आणि ती दिवसातून सातआठ वेळा ऐकावी लागते. ‘त्याला काही देऊ नका, मी भरवते’ ही आईची माया अतिकाळजीच्या रकान्यात जाते.

दुसरी गोष्ट झोपेची. रात्री उशिरापर्यंत फटाके आणि नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान, म्हणजे झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते. बायपोलर आजारात झोपमोड हे उन्मादाचा झटका येण्याचे परिचित कारण आहे. स्नान आठ वाजता केले म्हणून नरकासुर परत येत नाही. नेहरू चौकातल्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला जायचे असेल तर जावे. पण आदल्या रात्री लवकर झोपून, गर्दीच्या कडेला बसून आणि ‘निघू या’ म्हटल्याबरोबर उठण्याच्या तयारीने.

तिसरी गोष्ट औषधांची. सुट्टीत डॉक्टर गावाला जातात, दुकाने बंद असतात आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच संपतात. वसुबारसेआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात असाव्यात. रात्रीच्या जागरणासाठी झोपेची गोळी टाळावी, असे घरातल्या कोणी परस्पर ठरवू नये.

इथे कायद्याचाही आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत, असे तो सांगतो. ‘सदैव’मध्ये लक्ष्मीपूजनही येते, ती मिळत नसतील तर लेखी मागणी करावी. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, नाशिकला नाही. म्हणून इथल्या घरांना हे कलम अधिक मोलाचे. दाखल असलेल्या रुग्णाला रजेवर घरी पाठवण्याची तरतूदही कायद्यात आहे. दिवाळीला घरी आणायचे असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावे. तसेच कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. प्रकृती स्थिर असताना हा कागद करून ठेवला, तर अडचणीच्या रात्री ‘याच्या वतीने कोण बोलणार’ हा वाद होत नाही.

वतीने बोलण्याची मराठीतली परंपरा शुभंकरांनीच उभी केली आहे. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ मधल्या चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. त्यात आजारी भावाइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे.

मोठ्या संस्था जे समाजापुढे बोलतात, ते घरात पाहुण्यांपुढे कोणी तरी बोलावे लागते. त्याची तयारी दिवाळीआधी करावी. शुभार्थीलाच विचारावे, कोणाला काय सांगितलेले चालेल? किती वेळ बाहेर बसशील? मग येणाऱ्यांना फोनवरच सांगून ठेवावे, ‘त्याच्याशी क्रिकेटवर बोला, नोकरीवर नको, तो मध्येच उठून गेला तर हाक मारू नका.’ त्याला कंदील लावणे, पणत्यांत तेल घालणे असे स्वतःचे एखादे काम द्यावे. आणि शुभंकरालाही रोज एक तास सुट्टी मिळावी. त्या तासाला दुसऱ्या कोणी घरात थांबावे.

जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केली, तर सण सरण्याची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये आणि जिल्हा रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कालनिर्णयाच्या दिवाळीच्या पानावर आजच लिहून ठेवावा.