तेल दिसत नाही, चेंडूला कळतं

"आई, तू नुसती बघायला चल. घरात बसून बसून कंटाळशील."

न्यू जर्सीला लेकीकडे गेले, त्याच्या पहिल्याच गुरुवारी तिनं मला गाडीत बसवलं आणि बोलिंगला घेऊन गेली. आपल्याकडे बोलिंग म्हटलं की क्रिकेटची गोलंदाजी आठवते. हे बोलिंग वेगळं. लांबलचक गुळगुळीत पट्टी असते, तिला लेन म्हणतात. लेनच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या. जड चेंडूच्या तीन भोकांत बोटं घालायची, चार पावलं चालायचं आणि चेंडू लेनवरून सोडायचा. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तुमच्यापैकी कुणी कुणी मुलांबरोबर हे खेळूनही आली असेल.

लेकीची तिथं लीग होती. ऑफिसातल्या आणि आजूबाजूच्या बायकांचा चौघींचा एक संघ, दर गुरुवारी तीन गेम. बाळ झाल्यावर वर्षभर हे सगळं बंद होतं. आता कुठं तिनं आठवड्यातली ती एक संध्याकाळ परत मिळवली होती. गुरुवारी जावईबापू बाळाला बघायचे आणि ही बॅग उचलून निघायची. तीनशे म्हणजे पैकीच्या पैकी गुण, हिची सरासरी एकशे साठच्या आसपास. आईला कौतुक वाटायचंच.

मलाही त्यांनी एक चेंडू टाकायला लावला. आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोंहून थोडा जास्त. माझा चेंडू सरळ गेला आणि शेवटी बाजूच्या पन्हळीत पडला. तिला तिथं गटर म्हणतात! सगळ्यांनी तरी टाळ्या वाजवल्या. पण मी बघत होते लेकीच्या चेंडूकडे. तो आधी उजवीकडे जायचा, आता पडतोय गटरमध्ये असं वाटायचं आणि शेवटच्या टप्प्यात एकदम डावीकडे वळून पिनांमध्ये घुसायचा. मी विचारलं, "अगं, त्याला काय चावी दिलीय का?" ती नुसती हसली.

महिनाभरानं शेजारच्या गावात एक स्पर्धा होती. हिनं हौसेनं नाव दिलं. आम्ही सगळे बाळासकट मागच्या बाकांवर. पहिल्या गेममध्ये ११२, दुसऱ्यात ९८, तिसऱ्यात १२१. तोच चेंडू, तोच हात, तीच चार पावलं. पण चेंडू कधी वळायचाच नाही, कधी इतका वळायचा की पिनांच्या डाव्या अंगानं निघून जायचा. गाडीत बसल्यावर ती रडायलाच लागली.

"मला खेळताच येत नाही, आई. इतकी वर्षं मी स्वतःला फसवत होते. त्यापेक्षा घरी बाळाजवळ थांबलेलं बरं."

बोलिंगची बॅग तळघरात गेली. पुढच्या गुरुवारी ती घरीच राहिली. मी काही बोलले नाही, पण मला ते खुपलं. एक स्पर्धा वाईट गेली म्हणून नव्हे. बाईची स्वतःची म्हणून असलेली एक संध्याकाळ किती सहज हातची जाते, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः भजनी मंडळ असंच सोडलं होतं.

शनिवारी संघातल्या सगळ्यांत वडील बाई घरी आल्या. वय सत्तरीच्या पुढे, अजून स्वतः गाडी चालवतात. मी चहा ठेवला. त्यांनी पर्समधून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर आलेख होते. मला वाटलं डॉक्टरचे रिपोर्ट. लेकीनं सांगितलं, "आई, ही लेनवरच्या तेलाची चित्रं आहेत."

तेल? त्या चकचकीत लेनवर तेल?

मैत्रिणींनो, मलाही हे तेव्हाच कळलं. फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब आणि साडेतीन फुटांना जरा कमी रुंद असते. खेळ सुरू होण्याआधी एक यंत्र तिच्यावरून फिरतं. ते आधीचं तेल पुसतं आणि नवं पसरतं. सबंध लेनला तेल लागतं साधारण २० ते ३० मिलिलीटर, म्हणजे आपले पाचसहा चहाचे चमचे. ते रंगहीन असतं, दिसत नाही. पूर्वी लेन खरोखर लाकडाच्या असत, तेव्हा जड चेंडूंनी लाकूड झिजू नये म्हणून तेल लावायची पद्धत पडली. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पट्ट्या आल्या, तरी तेल राहिलं. आता तर सगळा खेळच त्या तेलावर चालतो.

हे तेल बहुतेक पहिल्या चाळीसेक फुटांवर असतं, पुढचा भाग कोरडा. चेंडू सोडताना हाताच्या फिरकीनं त्याला बाजूची गिरकी मिळते, पण तेलावर त्या गिरकीचा काही उपयोग होत नाही. चेंडू नुसता घसरत पुढे जातो. कोरडी जागा आली की तो जमीन पकडतो, मग गिरकी लागू होते आणि तो वळतो. लेकीच्या चेंडूची "चावी" ती हीच!

हे मला चटकन कळलं, कारण मी कॅरमवर वाढलेली. मे महिन्यात आमच्या वाड्यात दिवसभर कॅरम चाले. बोरिक पावडर नीट पसरली असली की स्ट्रायकर टिचकीसरशी पळायचा. तीच टिचकी पावसाळ्यात दमट बोर्डावर मारली की सोंगटी निम्म्यात थांबायची. आम्ही पोरी बोटाला दोष देत नव्हतो, "पावडर टाक गं" म्हणायचो.

आता ते दोन कागद. गुरुवारच्या लेनचा आलेख मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता, डोंगरासारखा होता. मधोमध भरपूर तेल, कडेला अगदी कमी. मधलं तेल कडेच्या दहापट वगैरेही असू शकतं. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी बहुतेक ठिकाणी असंच तेल घालतात, कारण ते चूक सांभाळून घेतं. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू चुकून बाहेर गेला, तर कडेची कोरडी पट्टी त्याला परत आत आणते. चुकून आत पडला, तर मधलं तेल त्याला जास्त वळू देत नाही. दोन्हीकडून चेंडू ठरल्या जागी ढकलला जातो.

स्पर्धेचा आलेख आमच्या मागच्या अंगणातल्या ओट्यासारखा, जवळजवळ सपाट. मध्ये आणि कडेला तेलाचा फरक तिप्पट-चौपटीच्या आत. इथं बाहेर गेलेला चेंडू तेलातच अडकतो, परत येत नाही. आत पडलेल्याला पुरेसं तेल मिळत नाही, म्हणून तो फार वळतो. चूक तेवढीच, पण ती झाकायला कुणी नाही. बाई लेकीला म्हणाल्या, "तुझा हात बिघडला नव्हता. तुला त्या लेनची ओळखच नव्हती."

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गुरुवारीसुद्धा तिसऱ्या गेममध्ये तुझे गुण कमी होतात. का?"

लेक म्हणाली, "दमते मी. बाळ झाल्यापासून अंगात पूर्वीची ताकद नाही."

बाईंनी मान हलवली. प्रत्येक चेंडू आपल्याबरोबर थोडं तेल उचलून नेतो. दोन गेम होईपर्यंत चौघीचौघींच्या चेंडूंनी तीच वाट घासून कोरडी केलेली असते. चेंडू तिथं लवकर पकड घेतो, लवकर वळतो आणि पिनांच्या डावीकडे जातो. त्यात बाळंतपणाचा काही संबंध नाही. उपाय काय, तर उभं राहण्याची जागा बदलायची. चेंडू जिकडे चुकतो, तिकडेच पाय थोडे सरकवायचे. डावीकडे जातोय? डावीकडे सरका, म्हणजे चेंडू पुन्हा तेलातून जाईल. लेक बघतच राहिली. वर्षभर ती ज्याला आपला अशक्तपणा म्हणत होती, ते पुसलं गेलेलं तेल होतं.

मग चेंडूंची गोष्ट निघाली. वरून सगळे सारखे दिसले तरी त्यांची साल वेगवेगळी असते. प्लास्टिकच्या सालीचा चेंडू फार पकड घेत नाही, कोरड्यावरही बऱ्यापैकी सरळ जातो. कोपऱ्यात उरलेली एकच पिन पाडायला अनुभवी खेळाडू मुद्दाम तो वापरतात. युरेथेनचा चेंडू लवकर आणि सावकाश वळतो. १९९० च्या दशकात रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे चेंडू आले आणि खेळच बदलला. हा चेंडू तेलावर घसरतो, पण कोरडं लागलं की जोरात वळतो. त्यातही तेल जास्त असेल तर साल घासून खरखरीत केलेला चेंडू बरा, कारण तो तेलातही थोडी पकड घेतो. लेन कोरडी असेल तर पॉलिश केलेला बरा, नाहीतर तो फार आधी वळतो.

वळवायचा कशाला, सरळच का नाही टाकायचा, असं मी विचारलंच. तर समोरची पिन आणि तिच्या शेजारची पिन यांच्या फटीत चेंडू तिरका घुसला की दहाही पिना पडण्याची शक्यता वाढते. साधारण ६ अंशांचा कोन उत्तम मानतात. सरळ चेंडूला तेवढा कोन मिळत नाही.

परत आलेल्या चेंडूवर तेलाच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात. त्या बघायच्या, मग कापडानं पुसायच्या. डोळ्यांना लेनवरचं तेल दिसत नाही, पण चेंडू ते अंगावर घेऊन येतो.

निघताना बाईंनी केली क्युलिकचं नाव काढलं. ती न्यू जर्सीचीच. अमेरिकेत बायकांचं बोलिंग जुनं आहे. १९१६ मध्ये सेंट लुईस शहरात ४० जणींनी मिळून बायकांची संघटना काढली होती. पण २००३ मध्ये व्यावसायिक बायकांच्या स्पर्धा बंद पडल्या, त्या २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात केली पुरुषांच्या पीबीए स्पर्धांकडे वळली. २००६ मध्ये तिथं सबंध हंगाम खेळण्याची पात्रता मिळवणारी ती पहिली बाई. ती जागा पुढे टिकली नाही. पण जानेवारी २०१० मध्ये लास वेगासला 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स'च्या अंतिम सामन्यात तिनं ख्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असं हरवलं. पीबीए टूरचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तेल दोघांना सारखंच होतं.

पीबीएच्या तेलाच्या काही नमुन्यांना प्राण्यांची नावं आहेत. चीता म्हणजे आखूड तेल, तिथं चेंडू लवकर वळतो म्हणून अगदी कडेनं खेळावं लागतं. शार्क म्हणजे लांबवर तेल, तिथं आतून खेळायचं. एक कॅमेलिऑन आहे, म्हणजे सरडा. २०१७ मध्ये त्याच नावाची स्पर्धा लिझ जॉन्सननं पुरुषांमध्ये खेळून जिंकली.

बाई गेल्यावर लेकीनं दोन्ही कागद फ्रीजवर लावले. बुधवारी रात्री तळघराच्या जिन्यात धाडधाड आवाज झाला. बॅग वर येत होती.

पुढे वसंतात ती पुन्हा तसल्याच सपाट तेलावर खेळली. या वेळी सरावाचे पहिले चेंडू तिनं नुसती लेन ओळखायला वापरले. एक कडेनं, एक मधून, एक त्याच्या आतून. कुठून जास्त वळतो, कुठून घसरतो, ते बघितलं. गुण आले १३८, १४९, १४३. गुरुवारच्या सरासरीपेक्षा कमीच. पण गाडीत बसल्यावर ती मला प्रत्येक चेंडू का चुकला ते सांगत होती. रडत नव्हती.

तुम्ही कधी मुलांबरोबर मॉलमध्ये गेलात, तर दोनचार गोष्टी लक्षात ठेवा. तिथं मिळणारे चेंडू बहुतेक प्लास्टिकचे असतात, ते फार वळणार नाहीत. तेव्हा सरळच टाका आणि चुकेल त्या बाजूला पाय सरकवा. हाताला झेपेल तेवढाच जड चेंडू घ्या. त्यांचे खास बूट घाला. आणि फाउलच्या रेषेपलीकडे पाऊल टाकू नका. पलीकडे तेल आहे, घसरून आपटाल.

परतायच्या आधीच्या गुरुवारी मी शेवटचा चेंडू टाकला. पहिला उजवीकडे गेला. मी एक पाऊल उजवीकडे सरकले आणि दुसरा टाकला. सहा पिना पडल्या. लेक ओरडली, "आई, लेन वाचलीस!"

इथं घरी आल्यावर मी माळ्यावरचा कॅरम काढला, पुसला आणि पावडर आणली. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघी शेजारणी बसतो. आणि हो, शनिवारी मी भजनालाही जायला लागलेय.