रिकाम्या जागेचा हिशोब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात, आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती वाढतायत. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, एमआयडीसीत वीज मिळते, म्हणून डेटा सेंटरवाल्यांनी हा भाग धरला. या इमारतींच्या आत माझं काम केबलिंगचं.

ड्रॉइंगवरची पहिली बैठक ठरल्यासारखी एकाच प्रश्नावर अडते: सर्व्हरचे रॅक किती बसतील? एक रॅक ६०० मिलिमीटर रुंद आणि साधारण १२०० खोल. जमिनीच्या फरश्याही ६०० बाय ६००, त्यामुळे कागदावर सगळं चौकटीत बसतं. रॅकची तोंडं समोरासमोर ठेवून मधे थंड गल्ली, पाठींच्या मधे गरम गल्ली. ही गरम गल्ली थोडी चेपली की शेवटी एक जास्तीची रांग निघते, आणि मालकाचा डोळा तिथेच असतो. पण मागचं दार पुरतं उघडून माणसाला गुडघ्यावर बसून काम करायचंय, हे ड्रॉइंगवर दिसत नाही.

दुसरी ओढाताण ९० मीटरची. पॅच पॅनल (केबलची टोकं बसवायची पट्टी) ते पॅच पॅनल तांब्याची केबल याहून लांब नेता येत नाही. दोन्ही टोकांच्या छोट्या जोडकेबल, म्हणजे पॅच कॉर्ड, धरून १००. कागदावर पट्टी लावून ६५ मीटर भरलेलं अंतर रॅकमधून वर चढून, केबलच्या ट्रेवरून जाऊन, खांबाला वळसा घालून पुन्हा खाली उतरेपर्यंत ८० च्या पुढे जातं. म्हणून मुख्य पॅच पॅनलची जागा मी भिंतीकडची मान्य करत नाही, हॉलच्या मध्याकडे ओढतो.

ट्रेचा हिशोब तर सांगूनही पटत नाही. केबल गोल, त्यामुळे मधल्या फटी जातातच. आकडेमोडीत ५० टक्के भरलेला ट्रे डोळ्यांना काठोकाठ दिसतो. आम्ही ४० वर थांबतो. ‘अर्ध्याहून जास्त ट्रे रिकामा? मग अरुंदच घ्या ना,’ हे वाक्य बहुतेक साइटवर ऐकू येतं. पण नव्या केबल येत राहतात आणि जुन्या कोणी काढत नाही. कोणती चालू, कोणती मेलेली, हे ओढून बघायची हिंमत कोणाची? थंड हवा उचललेल्या फरशीखालून येते; तिथे अशा मेलेल्या केबलचा गठ्ठा झाला की ती तिथेच अडते. डेटाची केबल वरच्या ट्रेवर गेली, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

बांधणीत मी वेल्क्रोशिवाय काही चालू देत नाही. प्लास्टिकचा टाय करकचून ओढला की आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ दबतो आणि टेस्टिंगला लिंक नापास होते. फोटोसाठी केसांसारख्या विंचरलेल्या जुड्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा दोन्ही टोकांना वाचता येणारं लेबल हवं: रांग, रॅक, पोर्ट.

एका ठिकाणी मात्र आम्हाला मोकळी जागा नको असते. रॅकमधला न वापरलेला खण उघडा राहिला की मागची गरम हवा तिथून पुढे येते आणि वरचा सर्व्हर तीच ओढून घेतो. त्यावर लावायची झाकणं स्वस्त असतात. खर्च कापायला बसलं की यादीतून पहिली तीच जातात.