नाकेबंदीने लावलेली धार

आमच्या शुक्रवारच्या गरवणाऱ्या टोळीतला शेवटचा गडी गेल्या महिन्यात व्हिसा कॅन्सल करून कोकणात परतला. त्याच आठवड्यात दोहातल्या एशियन टाउनच्या प्लाझा मॉलबाहेर दोन नवी पोरं मला जिगिंग, म्हणजे जिग नावाचं शिशाचं आमिष वरखाली करून गरवणं, शिकवत होती : "टक् लागलं की जोरात झटका मारायचा, अंकल!" म्हणून त्या झटक्याचा हा मागोवा.

डिसेंबर 2010 मध्ये कतारला फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, त्याआधीची इंडस्ट्रियल एरियातली वर्षं धूळ आणि ओव्हरटाइममध्ये गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. पुढे एशियन टाउन उभं राहिलं. मॉल, थिएटरं, क्रिकेट स्टेडियम, सगळं आलं. समुद्र तेवढा इथून दिसत नाही. शुक्रवारी गाडीत दाटीवाटीने बसून किनाऱ्यावरचं अल वकरा गाठायचं, पैसे जमले तर वर्गणी काढून बोट करायची.

त्या दशकाच्या सुरुवातीला आम्हीही झटकेवालेच होतो. व्हिडिओंतले बास नावाचा मासा पकडणारे अमेरिकन रॉड खांद्यामागे नेत आणि आम्ही तेच करत असू. त्यांचा बास लाकडा-झुडपांत दडतो. जिगचा हूक जाड, पुढे गवत अडवणारे ताठ केस. तो हूक रुतवायला जोर लागतोच. आम्ही हमूर, म्हणजे आपला हेकरू, धरायला बारीक तारेचे हूक वापरत होतो. हमूर तोंड उघडून पाण्यासकट जिग ओढून घेतो, तोही बहुधा जिग खाली पडत असताना. त्या क्षणी दोरीत ढील असते. झटका ढिलेतच जिरतो किंवा जिग तोंडातून बाहेर येतो. मासा सुटला की दोष नशिबाला.

दुकानदारांनीही आम्हाला मनसोक्त लुटलं. या आखाताची सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. आम्हाला मात्र खोल समुद्राचे अवजड जिग विकले गेले.

जून 2017 मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. दूध-भाजीची चर्चा जगभर झाली, आमच्या हुकांची कोण करणार? दुबईहून येणाऱ्या ओळखीच्यांकडून मागवलेला माल थांबला. मग टोळीतल्या एका फिटरने बारीक कानस आणली आणि आम्हाला जुने हूक घासायला बसवलं. कसोटी साधी होती : टोक नखावर टेकवून हलकेच ओढायचं. रुतलं तर ठीक, घसरलं तर पुन्हा घासायचं.

धार आली तसा झटका आपोआप सुटला. टक् लागलं की आधी रीळ फिरवून ढील काढायची, माशाचं वजन हाताला जाणवलं की रॉड ठामपणे वर घ्यायचा. वेणीसारखी विणलेली दोरी फारशी लांबत नाही, त्यामुळे एवढं पुरतं. हूक जिगच्या वरच्या टोकाला, आखूड दोरीने बांधलेला. त्याचा वाक जिगच्या रुंदीपेक्षा मोठा, नाहीतर टोक माशाऐवजी शिशालाच अडतं. आणि हमूर कपारीत शिरण्याआधीचे पहिले काही मीटर त्याला अजिबात सैल सोडायचं नाही.

सुट्टीत रायगडच्या खाडीत जिताड्यावरही हेच चाललं. इंग्रजी नावापुरता तोही बासच. त्याचं तोंड हाडकं, बोथट हूक त्यावरून घसरतो. उडी मारून डोकं झटकतो तेव्हा रॉड खाली, दोरी ताठ. कल्ल्यांच्या धारदार झाकणाने दोरी कापली जाते, म्हणून पुढचा तुकडा जाड हवा.

जानेवारी 2021 मध्ये नाकेबंदी उठली. महागडी रिळं आली, चकचकीत जिग आले. 2022 मध्ये इथल्या क्रिकेट स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर विश्वचषक पाहिला. मग साइट संपल्या आणि टोळी पांगली. आता नव्या पोरांचे रॉड भारी आणि हूक डब्यातून काढला तसाच. मासा सुटला की नवा जिग विकत घेतात. लागलाच तर वीतभर हमूरही फोटोनंतर पिशवीत जातो. हमूर आधी मादी असतो, मोठेपणी त्यातले काही नर होतात. लहान माद्याच संपवल्या तर अंडी घालणार कोण, हे त्यांच्या व्हिडिओत सांगत नाहीत.

माझा निकाल साफ आहे : ज्या काळात आमच्याकडे काही मिळत नव्हतं, त्याच काळात आमचे मासे कमी सुटले. तेव्हा पोरांनो, पुढचा जिग घेण्याआधी कानस घ्या. आणि वीतभर हमूर लागला, तर तो पाण्यातच सोडा.