विश्लेषण : घराचे होर्डिंग नेमके काय सांगते?

ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो वा कल्याण-शीळ रस्ता, नव्या घरांच्या होर्डिंगवर दृश्य साधारण सारखेच असते : हिरवा डोंगर, हसतमुख कुटुंब, चकाकणारी इमारत. आयुष्यभराची कमाई कुठे गुंतवायची, हे ठरवण्यात या चित्रांचाही वाटा असतो. म्हणून ती वाचता यायला हवीत.

चित्र कसे पटवते?

पटवण्याचे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितले : बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. होर्डिंगवर तिन्ही दिसतात. ओळखीच्या अभिनेत्याचा चेहरा विश्वास देतो, आजी-नातवाचे चित्र भावनेला हात घालते, ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हा युक्तिवाद. ती पाच मिनिटे पायी की गाडीने, हे मात्र लिहिलेले नसते.

न बोललेले कुठे असते?

भारतीय काव्यशास्त्रात ‘गंगेवरची वस्ती’ हे नेहमीचे उदाहरण. पाण्यावर कोणी राहत नाही, म्हणून अर्थ घ्यायचा ‘काठावर’, ही लक्षणा. त्यातून शीतलता, पावित्र्य सुचते, ही व्यंजना. ‘डोंगराच्या कुशीत घर’ याच वाटेने जाते. डोंगर जवळ आहे, एवढेच सांगितलेले असते. शुद्ध हवा आणि निवांतपणा आपण मनाने जोडतो. फ्रेंच अभ्यासक रोलां बार्थ यांनी १९६४ मध्ये पास्त्याची एक जाहिरात अशीच उलगडली. जाळीच्या पिशवीतील ताज्या भाज्या ‘अस्सल इटालियन’ चव सुचवतात, असे त्यांनी दाखवले.

कायदा काय म्हणतो?

रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झाले, तर ग्राहकाला भरपाई मागता येते. पण त्यासाठी ठोस विधान दाखवावे लागते. नुसत्या सुचवलेल्या निवांतपणाला पकडणे कठीण.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. मात्र ही खूणही अंतिम नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून त्यांच्यासाठी महारेरा नोंदणी मिळवण्यात आली होती. तिथे घर घेतलेल्या कुटुंबांवर बेघर होण्याची वेळ आली. विश्वासाची खूण खरी, तिच्यामागचा कागद खोटा, असा हा प्रकार.

ग्राहकाने काय करावे?

होर्डिंग पाहताना तीन प्रश्न विचारावेत : यात प्रत्यक्ष काय सांगितले आहे, काय फक्त सुचवले आहे आणि त्यातले काय तपासता येते? क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाची कागदपत्रे पाहावीत. बांधकाम परवानगी खरी आहे का, याची खात्री महापालिकेच्या नगररचना विभागातून करून घ्यावी. टोकनची रक्कम त्यानंतरच द्यावी.