आराखड्याचा रंग आणि सनदेची शर्त

नांदेडहून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागले म्हणजे विष्णुपुरीचा परिसर येतो. १९८१ मध्ये येथे श्री गुरु गोबिंदसिंहजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच भागात आले. आणि ज्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-कापूस पिकत असे, त्याचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पडून बांधावर ‘यलो झोन’, ‘एन.ए. प्लॉट’ अशा पाट्या उभ्या राहिल्या. पाटी वाचून इसार देणाऱ्या नोकरदाराची अशी दृढ समजूत असते की, शासनाच्या आराखड्यात जमीन पिवळ्या रंगाच्या रहिवास विभागात आली, म्हणजे घर बांधण्याच्या मार्गातील अखेरचा अडथळा दूर झाला. ही समजूत चुकीची आहे, आणि मराठवाड्यात तर ती विशेष घातक आहे.

जमिनीच्या वापरावर दोन निरनिराळ्या सत्तांचे निर्बंध असतात. एक सत्ता सार्वजनिक. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमापर्यंत, आणि तेथून डिसेंबर २०२० मध्ये बहुतेक राज्यासाठी लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीपर्यंत तिचा विस्तार झालेला आहे. दुसरी सत्ता खतातील कलमांची: विकणाऱ्याने अगर पट्टा देणाऱ्याने ‘येथे दुकान काढू नये’, ‘अमुक मजल्यांवर बांधू नये’ असे लिहून घ्यावे आणि घेणाऱ्याने ते मान्य करून सही करावी. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील बागेवरून झालेल्या खटल्यात तेथील न्यायालयाने ठरविले की, बाग मोकळी ठेवण्याची अट ज्याला ठाऊक होती, तो पुढचा खरेदीदारही त्या अटीने बांधला जातो. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या चाळिसाव्या कलमात तेच तत्त्व आले. मात्र अकराव्या कलमाने त्याला मर्यादा घातली: विक्री पूर्ण झाल्यावर उपभोगावर घातलेली अट एरवी निष्फळ असते, विकणाऱ्याच्या शेजारच्या जमिनीच्या हितासाठी ती घातली असेल तरच टिकते.

या दोन सत्तांचा विरोध आला असता जय कोणाचा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. पण कायदा येथे जय-पराजयाच्या भाषेत बोलतच नाही. आराखड्याने दिलेली मुभा खतातील मनाईतून सोडवीत नाही, आणि खतात मनाई नाही म्हणून आराखडा शिथिल होत नाही. दोहोंपैकी जो निर्बंध अधिक कडक, तो पाळावा लागतो. महानगरपालिका बांधकाम परवाना देते तेव्हा ती अर्जदाराच्या खासगी करारांचा निवाडा करीत नाही, आणि परवाना हातात असूनही शेजारी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू शकतो. या दोन सत्ता एकमेकींवाचूनही उभ्या राहू शकतात: अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात विभागनिहाय वापराचा कायदाच नाही, तेथे पुष्कळसा भार खतांतील अटींवर आहे. मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने आपल्या भूखंडांच्या पट्ट्यांतच बांधकामाच्या अटी घातल्या होत्या, आणि शहराचा विकास आराखडा त्यानंतर कित्येक दशकांनी आला.

मराठवाड्यातील प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की, येथे खतातील अट घालणारा बहुधा खासगी मालक नसतो, तर सरकारच असते. निजामाच्या अमदानीत उदरनिर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश आणि देवस्थानच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश या इनाम जमिनी मराठवाड्याच्या जिल्ह्यांत पसरलेल्या होत्या. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाल्यानंतर १९५२ चा अतियात (म्हणजे इनामादी देणग्यांच्या) चौकशीचा कायदा आणि १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा आला. इनामे गेली, परंतु भोगवट्यावर हस्तांतरणाचे निर्बंध राहिले. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने मालक झालेल्या कुळांनाही कलम ५०-ब ने तसेच बांधून ठेवले. सावकाराने पुन्हा जमीन गिळू नये, हा त्या बंधनाचा हेतू होता, आणि तो मला आजही न्याय्य वाटतो. परंतु शेताचे शहर झाल्यावर त्या हेतूचा आधार उरला नाही, अट मात्र राहिली.

ही अट कोठे सापडते? सातबाऱ्यावर भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग-२’ असे लिहिलेले असते आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात हस्तांतरणास बंदीचा शेरा असतो. शेरा नसला तरी निश्चिंत होता येत नाही, कारण दप्तर पुन्हा लिहिताना तो गळालेला असू शकतो. म्हणून जाणता वकील १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागवितो, जुने फेरफार काढतो आणि इनामाचा संशय आल्यास मुंतखब, म्हणजे इनामाच्या नोंदीचा दस्त, पाहिल्यावाचून मत देत नाही. एवढ्या चौकशीअंती ‘यलो झोन’मधील भूखंड मूळचा खिदमतमाश निघाला, तर ज्या सेवेकऱ्याकडून तो घेतला तो त्याचा मालकच नव्हता, आणि आराखड्यातील पिवळ्या रंगाने हा दोष धुऊन निघत नाही.

महसूल अधिनियमात २०१४ आणि २०१७ मध्ये झालेल्या सुधारणांनी आराखड्यातील विभागाप्रमाणे वापरल्या जाणाऱ्या, हस्तांतरणाचे निर्बंध नसलेल्या वर्ग-१ च्या जमिनीला स्वतंत्र अकृषिक परवानगीच्या जाचातून सोडविले. वर्ग-२ च्या जमिनीला मात्र नजराणा (शासनाला भरावयाची रक्कम) आणि सक्षम अधिकाऱ्याची अनुमती यांवाचून ती वाट मोकळी नाही. कूळकायद्याच्या जमिनीला, खरेदीस दहा वर्षे लोटली असल्यास, शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून सुटका मिळू लागली. मदतमाश जमिनींच्या बाबतीत बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा मागणारे शासन २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आले. पन्नासाचे पाच होण्यापूर्वी ज्यांनी अनुमतीवाचून साध्या बंधपत्रावर व्यवहार केले, ती सर्व माणसे लबाड नव्हती. कायदेशीर वाट त्यांच्या ऐपतीबाहेरची होती.

सिडकोने वाघाळ्याकडे वसविलेल्या नवीन नांदेडात प्रश्नाचे रूप निराळे आहे. सिडकोच्या वसाहतींत जमीन पट्ट्याने मिळते आणि वापराची व हस्तांतरणाची अट पट्ट्यात असते, तर १९९७ पासून शहराचा कारभार नांदेड-वाघाळा महानगरपालिकेकडे आहे. रस्त्यावरच्या घराच्या तळमजल्यात दुकान काढावयाचे झाले, म्हणजे नियमावली काय म्हणते आणि पट्टा काय म्हणतो, या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या कचेऱ्यांत शोधावी लागतात.

माझे स्पष्ट मत असे की, या विसंगतीचा दोष खरेदीदारावर टाकणे अन्यायाचे आहे. एकाच शासनाचा नगररचना विभाग जमिनीवर रहिवासाचा रंग चढवितो आणि त्याच शासनाचा महसूल विभाग तीच जमीन बांधलेली ठेवतो. मग झोन दाखल्यावर भूधारणेचा प्रकार छापण्यास हरकत कोणती? विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना मंजूर करतानाच वर्ग-२ च्या जमिनींची यादी जोडावी आणि नजराण्याची रक्कम तेथेच जाहीर करावी. तोवर विष्णुपुरीकडे अथवा लातुरात भूखंड पाहणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती की, झोन दाखल्याबरोबर सातबारा, जुने फेरफार आणि खासरा पत्रक हाती आल्याखेरीज इसारपावतीवर सही करू नये.