बोलक्या डब्याचे कान

भिंतीलाही कान असतात, ही म्हण आता खरी ठरली आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, बावधन येथील उंच इमारतींत आपल्या माता-भगिनी धुणीभांडी, स्वयंपाक करतात. तेथे काही घरांत टेबलावर एक लहानसा डबा असतो. 'अलेक्सा' म्हटले की तो गाणे लावतो.

या डब्याचा माईक सदैव जागा असतो. नाव ऐकले की पुढचे बोलणे कंपनीच्या संगणकात जाते. कधी भलत्याच शब्दाला तो चुकून 'ओ' देतो. अ‍ॅमेझॉनची माणसे काही मुद्रणे ऐकतात, हे २०१९ साली उघड झाले. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या प्रकरणात २०२३ साली अमेरिकेत कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

'गरिबाजवळ लपवण्यासारखे काय?' असे कोणी म्हणेल. पण पगार, कर्ज, आजारपण, लेकीच्या लग्नाची बोलणी ही आपल्या घरची गोष्ट आहे. घर व कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, हा हक्क बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. तो हक्क फ्लॅटच्या मालकिणीचा आहे, तसाच भांडी घासणारीचाही.

म्हणून आम्ही सुचवितो : घरी असा डबा आणलाच, तर काम झाल्यावर माईकचे बटण दाबावे, लाल दिवा लागला की माईक बंद. जुनी मुद्रणे मोबाईलमधील अ‍ॅपमधून पुसावीत. आणि कामावरच्या घरी न घाबरता विचारावे, "ताई, हे चालू आहे का?"