पाचशे रुपयांचं उड्डाण

"फुकट ते पौष्टिक" असं आमच्या हॉस्टेलवर सगळेच म्हणतात. मी त्यात भर घालते : फुकट ते सोपंसुद्धा! खरी भानगड पैसे घेतल्यावर सुरू होते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं शुद्धलेखन यथातथाच आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.)

माझ्या दादाकडे साधारण ६०० ग्रॅमचा एक ड्रोन आहे. सुट्टीत इंदापूरला घरी गेले की मी तो उडवते. मामाची डाळिंबाची बाग, आत्याचा ऊस, उजनीच्या फुगवट्यावरची संध्याकाळ... असे किती तरी फोटो काढून मी नातेवाइकांना फुकट वाटले. मग एकदा जवळच्या गावातले एक काका म्हणाले, "पोरी, माझ्या जागेचे फोटो काढून दे. गिऱ्हाइकाला दाखवायचेत. पाचशे रुपये देतो." माझी पहिली कमाई! मी लगेच हो म्हटलं.

काकांची जागा २० गुंठे. ड्रोन साठ मीटर वर नेला तर स्क्रीनवर शेजारचं घर, परसू, न्हाणी, वाळत घातलेले कपडे असं सगळंच आलं. त्यात काकांचं चाललेलं, "अजून जरा पलीकडं घे, त्याची विहीर कुठवर आलीये बघू." आणि मी घेत होते! तेवढ्यात त्या घरातल्या आजी काठी टेकत बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "पैसं ह्याचं घेतलंस आन् घर माझं दाखवलंस व्हय गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजींसमोर फोटो डिलीट केले, काकांचे पैसे परत केले आणि मान खाली घालून घरी आले.

बारामतीला परत आल्यावर आमच्या सरांना हे सांगितलं. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, "सर्टिफिकेट आहे का?" मी म्हटलं, "सर, ड्रोनची नोंदणी आहे, इन्शुरन्स आहे." सर म्हणाले, "ते ड्रोनचं झालं. तुझं काय?" मग बसून नियम वाचले.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही. पण तोच मायक्रो व्यवसायासाठी उडवला की लागतं! म्हणजे ड्रोन तोच, शेत तेच, उडवणारी मीच. फक्त पाचशेची नोट हातात आली आणि मी नियमाबाहेर गेले. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग हवं. ते मिळालं की दहा वर्षं चालतं.

दुसरी गोष्ट आकाशाची. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन असतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत (साधारण १२० मीटर) वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात आणि लालमध्ये लागते. बारामतीकरांना हे सांगायलाच हवं, कारण आपल्या डोक्यावरून ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालत असतात. तेव्हा एमआयडीसीच्या बाजूला कुणी प्लॉटचे फोटो मागितले, तर आधी नकाशा उघडा, मग ड्रोनची पेटी.

आता थोडं इंजिनिअरिंग. दादाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ६.२ मिमी रुंद, फोकल लेंथ ४.५ मिमी. ६.२ भागिले ४.५ गुणिले उंची ६० मीटर, म्हणजे फोटोत साधारण ८२ मीटर रुंदीची जमीन येते. लांबी-रुंदीचं प्रमाण ४:३, म्हणून दुसरी बाजू ६२ मीटर. एकूण झाले ५० गुंठे! त्यातले काकांचे २०, उरलेले ३० दुसऱ्यांचे. हाच ड्रोन ४० मीटरवर ठेवला असता तर कॅमेरा सरळ खाली धरून फक्त २२ गुंठे आले असते. आजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या गणितात होतं, आणि ते मला अकरावीपासून येत होतं.

काकांना विहीर बघायची होती त्याचं काय? ६० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे दोन सेंटिमीटर, त्यामुळे फोटो अगदी स्पष्ट दिसतो. पण साध्या जीपीएसची जागा दोन-चार मीटर इकडे तिकडे होते, आणि आपल्याकडे बांधाची भांडणं तर वितीवरून होतात! त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी. आपला फोटो म्हणजे पुरावा नव्हे, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधीच सांगावं.

खासगी जागांवरून ड्रोन नेणारी मी काही पहिली नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली होती. पुढे २४ एप्रिल २०२० ला 'स्वामित्व' योजना सुरू झाली. त्यात ड्रोन उडण्याआधी गावकऱ्यांना कल्पना देतात आणि जमिनीवर चुन्याने घराघराची हद्द आखतात. म्हणजे मालकाला विचारणं आधी, उड्डाण नंतर. मी नेमकं उलटं केलं होतं.

शेवटी दराचं बघू. बारामती-इंदापूर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरचं पेट्रोल, बॅटरीची झीज, इन्शुरन्सचा हप्ता, पडझडीसाठी बाजूला टाकायची रक्कम आणि दोन तासांचं एडिटिंग. हे सगळं मांडलं तेव्हा कळलं की पाचशेत मी पदरमोडच करत होते! दर सांगताना हा हिशोब आधी करा.

मागच्या महिन्यात एका प्लॉटिंगवाल्यांनी पंधराशे देऊ केले. मी म्हटलं, "सर्टिफिकेट झाल्यावर येते." त्यांनी हजारात दुसरा मुलगा गाठला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ट्रेनिंगच्या फीसाठी पैसे साठवते आहे. सर्टिफिकेट हातात आलं की पहिला फोटो काकांच्या जागेचाच काढीन, पण त्याआधी बांध ओलांडून आजींना विचारून येईन. त्या नाही म्हणाल्या तर? तर ४० मीटर!